दोघांना सारखं

जुळ्यांची आई म्हणून गाव जिला नालोंगो म्हणतं, त्या माझ्या आईला बाबिर्येचा गुडघे टेकून नमस्कार.

काटो आणि मी, तुझी जुळी, कंपालात बरी आहोत. तुझा खोकला थांबला का?

छातीतली धडधड आम्हा दोघांचीही सारखीच वेडीवाकडी निघाली. डॉक्टरांनी काटोला रक्त पातळ करायची गोळी दिली, गुठळी मेंदूत जाऊन लकवा होऊ नये म्हणून. मला म्हणाले, "बाई, तुम्ही काळजी फार करता. चहा कमी प्या."

महिनाभर चहाला शिवले नाही. धडधड तशीच. मंगळवारी मी दोघांचे हृदयाचे आलेख नावं दुमडून त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, "यातला बाईचा कुठला, तेवढं सांगा." बराच वेळ बघून त्यांनी काटोच्या कागदावर बोट ठेवलं. काटो फिस्सकन हसला. मला गोळी मिळाली.

तू आम्हाला केळंसुद्धा कधी कमीजास्त दिलं नाहीस. जुळ्यांत भेद केला की अनर्थ होतो, म्हणायचीस.

गोळीचा गुण यायला चार-पाच दिवस लागतात म्हणे. गुरुवारी सकाळीच माझ्या हातातला कप गळून पडला.

अक्षर वाकडं आलंय, रागावू नकोस. डाव्या हाताने लिहितेय.

तुझी आधी जन्मलेली,
बाबिर्ये