पाच वर्षांच्या बाईंची शिकवणी

तीर्थस्वरूप हिंदुरावदादांस,

धाकट्या हिराचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का, की अजून डॉक्टर बदलणं चालू आहे? फोन केला असता, पण आमच्या सूनबाईंना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं (हाक मारली की मात्र नाही). म्हणून पत्र, तेही मार्केट यार्डच्या गाळ्यावर. घरी पाठवलं तर वहिनी आधी वाचतील.

तर कळवायचं असं, की आपली संस्कृती अभ्यासात मागे पडली आहे. वय वर्षं पाच. कुणाच्या मागे पडली ते अजून कुणी सांगितलेलं नाही. शाळेतल्या बाईंनी गृहपाठाची वही बघून विश्वजीतला आणि सोनालीला बोलावून घेतलं. अक्षरं उलटी काढते, रेघ सोडते, कागद फाटेस्तोवर पेन्सिल दाबते. तेव्हापासून घरात सुतक. विश्वजीत जेवतानाही तीच वही चाळतो (हा स्वतः तिसरीपर्यंत शर्टाची बटणं वरखाली लावायचा, आता हाताखाली दहा माणसं आहेत). सोनालीने सोसायटीतल्या बायकांना विचारलं. त्यांनी धीर दिला, की फार उशीर झालाय. त्यांची पोरं म्हणे साडेतीन वर्षांपासून शिकवणीला जातात.

मग गेलो आम्ही तिघी खालच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाईंकडे. शिकवणीला घेण्याआधी त्या परीक्षा घेतात. म्हणजे येत असेल तर घेणार, येत नसेल तर आधी कुठंतरी शिकून यायचं. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही काय शिकवता?" सोनालीने माझा पदर ओढला. बाईंनी चित्र दाखवून विचारलं, गाय काय देते. पोर म्हणाली, "माहीत नाही, आमचं दूध पिशवीतून येतं." खरं बोलली, मार्क गेला. मग वही चाळून बाई म्हणाल्या, "हिचा हात फार जड आहे. रोज पाच ते सात पाठवा."

पाच ते सात! दादा, पोर शाळेतून येते, झोपते, पाचला उठते आणि सातपर्यंत माझ्याबरोबर बागेत मातीत लोळते. ते दोन तास गेले की तिच्याकडे उरलं काय? जेवणं आणि झोपणं. आणि माझ्याकडे? मालिका. सोमवारपासून जायचं ठरलंय.

विश्वजीत मामाचं ऐकतो. रविवारी या आणि पोरीला शिकवणीची गरज नाही असं ठणकावून सांगा. मटण करते.

वाट बघणारी,
हिरा

ता. क. : गरज का नाही, असं तो विचारेल. तर त्या वहीतली अक्षरं माझी आहेत. सोनाली साडेसातला येते आणि चप्पल काढायच्या आत वही मागते. पोर घसरगुंडीवरून उतरेना, म्हणून महिनाभर बाकावर बसून मीच लिहिलं. माझी शाळा तिसरीत सुटली, इंग्रजी अक्षरं बघून बघून काढली. जमलं तेवढं जमलं. हात जड म्हणे!

दुसरा ता. क. : हे कारण विश्वजीतला सांगायचं नाही. दुसरं शोधा. चाळीस वर्षं यार्डात कांदा विकताय, सुचेल काहीतरी. काल एक पान पोरीकडूनच लिहून घेतलं. माझ्यापेक्षा बरं आलं. वर मला म्हणते, "आजी, तू रेघेवर लिही ना."

तिसरा ता. क. : कशालाच बधला नाही, तर सांगून टाका. पण मी ताटं उचलून आत गेले की मग.