नऊ टक्क्यांची कॉलर

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसता बाटलीकडे बघत बसतोस? तुझ्या बायकोचा खोकला थांबला असेल असं धरून चालते, कारण थांबला नसता तर तिने फोन करून ऐकवला असता. माझी तब्येत उत्तम. डोळे तेवढे दगा देतात, सुईत दोरा ओवायला आता तीन खेपा लागतात. (दोन वेळा जातो, पण सुईच्या बाजूने.)

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगते, म्हणजे तू उगाच पानं उलटत बसणार नाहीस. तुझ्या लेकीचा प्रबंध जमा झाला. पावती माझ्याकडे आहे. आता कसा झाला ते वाच, आणि वाचताना मध्येमध्ये "अगं ताई" करू नकोस, मला इथे ऐकू येत नाही.

सहा वर्षं पोरगी माझ्याकडे राहिली आणि सहा वर्षं माझं कापायचं टेबल तिच्या कागदांनी अडवलं, हे तुला माहीतच आहे. मी कापड जमिनीवर पसरून, गुडघे टेकून कापलं. विषय काय, तर माणसं रांगेत कशी उभी राहतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पुढचा सरकला की मागचा सरकतो, आणि पाय दुखतात. झाला की प्रबंध. पण नाही, तिने त्याची तीनशे चौऱ्याऐंशी पानं केली. लाल रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आणि तेच पुस्तक पाच वेळा! मी बाइंडरशी भांडायला निघाले होते की पाची सारखी कशी काढलीस म्हणून. तिने दारात अडवलं.

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत जमा करायचा. नाही केला तर नाव रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि रविवारी पोरीला कांजिण्या निघाल्या. एकतिसाव्या वर्षी! (तुला त्या वेळेवर निघाल्या होत्या, तेवढं एकच काम तू वेळेवर केलंस.) अंगभर पांढरं औषध फासून बसली, रंग द्यायच्या आधी पुट्टी भरलेली भिंत दिसते तशी. घराबाहेर पडायची सोय नाही. तेव्हा तिने अधिकारपत्र लिहिलं आणि चौदा कागदांची फाइल माझ्या हातात दिली. "आत्या, काही काढू नकोस, काही घालू नकोस. नुसती खिडकीत दे." मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

आता इथे माझं थोडं चुकलं. मंगळवारी फाइल चाळताना एक जाडजूड, करकरीत कागद दिसला. वर शिक्का, खाली तिच्या मार्गदर्शक मॅडमची सही, आणि मधोमध लिहिलेलं, नऊ टक्के. सहा वर्षं माझं टेबल अडवून नऊ टक्के! तू सुद्धा सहावीत गणितात अकरा आणले होतेस. तेव्हा तुझं प्रगतिपुस्तक कुणी लपवलं होतं, आठवतंय ना? मशीनच्या डाव्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. बाबांना शेवटपर्यंत सापडलं नाही. आपल्या घरात असला कागद आधी माझ्याकडे येतो आणि तिथेच संपतो, ही रीतच आहे. पोरीला एका शब्दाने विचारलं नाही, आधीच अंगाला खाज, त्यात लाज कशाला? कागद हळूच काढला. आणि इतका छान जाड कागद फेकवेना, म्हणून कोपऱ्यावरच्या वकिलाच्या शर्टासाठी त्याचा कॉलरचा नमुना कापला. उरलेले तुकडे चिंध्यांच्या पिशवीत.

गुरुवारी बारा वाजता पाची पुस्तकं घेऊन विद्यापीठाच्या रांगेत उभी राहिले. (सतरंजीच्या कापडाची पिशवी शिवून नेली होती, तरी खांदा उतरला.) रांग कसली, मुंगीसुद्धा कंटाळून परत फिरली असती. वेळ जात नव्हता म्हणून वरचं पुस्तक उघडलं, तर पान दोनशे बारावर मीच! नाव नाही, पण "प्रतिसादक क्रमांक सतरा, वय चौसष्ट, व्यवसाय शिवणकाम. रांगेवर विश्वास नाही. पुढच्या माणसाच्या कपड्यातला दोष दाखवून त्याला गोंधळवते आणि पुढे सरकते." सख्खी भाची! मी तिला गरम गरम दूध करून देत होते आणि ही माझ्यावर लिहीत होती. रागारागाने ठरवलं, आज मुद्दाम सरळ उभी राहणार. राहिले. सव्वादोनला खिडकी आली.

खिडकीतला कारकून मोजून थांबला. "मावशी, तेरा आहेत. साम्याचा दाखला कुठाय?" मी म्हटलं, असला कागद नव्हताच. तो म्हणाला, त्याच्याशिवाय घेता येत नाही. मग मीच हळू आवाजात विचारलं, अहो पण नापासाचा कागद जोडायची सक्ती कशाला? त्याने चष्मा वर सारून समजावलं, ते मार्क नव्हतेच. दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतं ते कॉम्प्युटर तपासतो, आणि दहाच्या आत असेल तर उत्तम. धाकट्या, मी तिथेच बाकावर बसले. (बसता बसता म्हटलं, मग शून्य का नाही आलं? तो म्हणाला, शून्य कुणाचंच येत नाही.) नवा द्या म्हटलं, तर त्यावर मॅडमची सही हवी, आणि मॅडम दुपारच्या विमानाने परदेशी.

रिक्षा करून घरी. पोरीने आतून विचारलं, झालं का गं? मी म्हटलं, चष्मा विसरले. (तो नाकावर होता.) चिंध्यांच्या पिशवीतून तुकडे वेचले, कॉलर वकिलाच्या कापडावरून सोडवली, सगळं टेबलावर जुळवलं. सहीचा शेवटचा फराटा बाहीच्या तुकड्यांत निघाला. पाठीमागून इस्त्रीने कॉलरमध्ये घालतात ते कडक बकरम चिकटवलं, पण कडा उचलत होत्या, म्हणून चारी बाजूंनी बारीक टीप मारली. कॉलरच्या वळणावर दुहेरी. अशी टीप मी लग्नाच्या कोटालाही मारलेली नाही.

परत पोचले तेव्हा चार वाजून पस्तीस, आणि पुढे अकरा जण. आता सांग, मी काय करणार होते? पहिल्याला म्हटलं, मागून शिवण उसवलीय बघा. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दुसरीला म्हटलं, कुर्ता उलटा घातलाय का? ती आरसा शोधायला गेली. एकाच्या बाह्या खरोखरच लहानमोठ्या होत्या, त्याला सांगितलं तर तो शिंप्याला फोन लावत बाहेरच पडला. उरलेल्यांचंही असंच काहीबाही काढलं. चार पन्नासला खिडकी माझी. पान दोनशे बारा अगदी बरोबर लिहिलंय पोरीने, खोटं कशाला बोलू?

कारकुनाने दाखला वाकवून बघितला. वाकेना. "मावशी, हे शिवलंय?" मी म्हटलं, मग काय, चिकटवलेलं टिकतं का? तो मोठ्या साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी शिक्का बघितला, सही बघितली, नऊचा आकडा उजेडात धरला, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग म्हणाले, "सगळं आहे तर. घ्या." आणि मला बाजूला बोलावून विचारलं, माझी कॉलर मागून उचलते, ती बसेल का? मी म्हटलं, आधी शिक्का मारा, मग कॉलर. चार छप्पन्नला शिक्का पडला.

तुझी थोरली बहीण

ता. क. कॉलरचं पोरीला कळता कामा नये. तू पोटात ठेव. तुझं प्रगतिपुस्तक मी पन्नास वर्षं ठेवलंय.

ता. क. दुसरा. तू रविवारी तिला न्यायला येतो म्हणालास. येऊ नकोस. डॉक्टर म्हणतो आठवड्यात बरी होईल, मी म्हणते महिना धर. टेबल रिकामं झालंय, पण मला कात्री सापडत नाही. सहा वर्षं ती तिच्या कागदांखालीच सापडायची. तिला दुसरा एखादा विषय सुचव. लोक जिने कसे चढतात वगैरे, काहीही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत पोरीने पत्र वाचलं. हसून हसून तिच्या खपल्या निघाल्या. म्हणाली, मॅडमनी दाखल्याच्या दोन प्रती सही करून दिल्या होत्या, दुसरी तिने घरातल्या सगळ्यात खात्रीच्या जागी ठेवली होती. मशीनच्या डाव्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. म्हणजे मी टीप मारत होते तेव्हा ती माझ्या गुडघ्याला लागून होती. असो. रविवारी येऊ नकोस, हे आता तिनेही लिहायला सांगितलंय.