विमान समजून उडवलेली घार

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. पिऊन थेट डोळ्यांच्या दवाखान्यात या. मी पुढे जाऊन नंबर लावते. विमानाचा रिमोट माझ्या पिशवीत आहे, घरभर शोधू नका.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही तीनदा पुढे ढकललंत, दर वेळी त्या खेळण्यातल्या विमानांच्या क्लबासाठी. गेल्या रविवारी माळावर तुमचं विमान ज्वारीत पडलं आणि तुम्ही पाच मिनिटं रिमोट फिरवत एका घारीला उडवत होतात. क्लबातली तुमची ती मिशीवाली मंडळी शेजारी उभी राहून बघत होती. एकानंही सांगितलं नाही. उलट तो दिग्विजय म्हणाला, "सर, लई झकास वळवलं की." तुम्ही अध्यक्ष, म्हणून मान राखला म्हणे. असल्या मानकऱ्यांना मी दारात उभं करणार नाही.

चौऱ्याहत्तर साली गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तुम्ही मला नुसत्या हिरव्या साडीवरून लांबून ओळखलं होतं. परवा मला पडदा समजून बाजूला सारलंत.

दहाला नाव पुकारतील. आला नाहीत तर तुमच्या जागी मी आत जाईन. माझाही उजवा डोळा पिकत आलाय, आणि या घरात एकाला तरी दिसायला हवं.

शशिकला