कुठलाही आकडा चालेल

२ नोव्हेंबर
आज सकाळी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि नव्या कामावर रुजू झालो. वाट लांब नाही. मागे आमची राहायची खोली, पुढे बाईंची चित्रशाळा, मध्ये एक दार. छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीच्या माणसाला कोण दारात उभं करणार, अशी धास्ती होती. बाईंनी शाईनं काळी पडलेली बोटं बघितली आणि ठेवून घेतलं.

बाई चित्रं काढतात, पण हातानं नाही. त्या संगणकात नियम लिहितात आणि टेबलावरचा यांत्रिक हात पेन धरून मोठ्या कागदावर रेघा ओढतो. मी कागद लावायचा, शाई भरायची आणि सकाळी एक आकडा द्यायचा. रेघांनी कुठं वळायचं ते त्या आकड्यावरून ठरतं. तोच आकडा दिला तर तेच चित्र. आकडा बदलला की सगळंच वेगळं. कुठलाही चालेल, म्हणाल्या. मी बायकोची जन्मतारीख दिली. दुपारपर्यंत कागदावर वाऱ्यानं आडवं झालेलं गवत उमटलं. एवढ्याशा आकड्यात एवढं रान. हात आपोआप जोडले गेले. ही म्हणाली, "जन्मभर माझी तारीख विसरलात, यंत्रापुढे बरी आठवली."

५ नोव्हेंबर
रोज नवा आकडा देतो. आजच्या गवतातून एक खोली दिसली. उजवीकडे खिडकी, भिंतीला लागून खाट. आमचीच. खाटेवर कुणीतरी आडवं, आणि दाराशी उभ्या रेघांचा दाट पुंजका, माणसाएवढा. बाईंना दाखवलं. ढगात हत्ती दिसतो तसंच हे, असं म्हणून हसल्या. त्यांना चित्र फार आवडलं.

हिला कालपासून कणकण आहे.

८ नोव्हेंबर
डोळे मिटून संगणकाच्या कळा दाबल्या, येईल तो आकडा. तीच खोली. पुंजका दाराशी नाही, खाटेच्या पायथ्याशी.

ही अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांना काही सापडेना. चित्राबद्दल मी हिच्यापाशी चकार शब्द काढलेला नाही. तरी दुपारी विचारत होती, अहो, माझ्या पायाशी कोण उभं राहतं?

९ नोव्हेंबर
आज यंत्र लावणार नाही म्हटलं. बाई चिडल्या नाहीत. प्रदर्शन तोंडावर आलंय म्हणाल्या आणि आकडा स्वतःच दिला. पुंजका उशाशी. वाकलेला. हिला घेऊन निघून जावं, तर हिच्यात बसण्याचंही त्राण नाही.

१० नोव्हेंबर
जपात मन लागत नाही. सगळे कागद जाळले. ताप तसाच.

हिची तारीख पुन्हा दिली. पहिलं गवत परत यायला हवं होतं, तसा नियमच आहे— खोलीच आली. खाटेवरचं माणूस चार रेघांचं उरलंय.

११ नोव्हेंबर
देवाला विचारलं. तो गप्प. म्हणजे माझ्यावर सोडलं. हिला त्या यंत्रात मीच नेऊन ठेवलं—

माझी जन्मतारीख दिली. पेन चालू आहे. खोली. खाट. खाटेवरचं माणूस माझ्यासारखं, एका कुशीवर, हात डोक्याखाली—

ही दारात आलीय. स्वतःच्या पायांवर. भूक लागली म्हणते. आवाज खणखणीत. देवा.

आता माझ्या खांद्यावरून मागे बघतेय. विचारतेय, हे कोण—