ढोलाला ऊन

कोरेगाव, रविवार संध्याकाळ

आज सभेत कडाडून बोलले, धनगरांच्या गजीनृत्याचा जुना ढोल घरात कुजतोय, संग्रहालयात द्या. टाळ्या पडल्या. तो वाजवणारे भिवातात्या जवळ येऊन म्हणाले, "ताई, काचंत ठिवल्यावर त्येला ऊन कोण दावणार? तापल्याबिगर बोलत न्हाई त्यो."

"तात्या, तिथं वाजवत नाहीत."

"मग जत्रंत नाचायचं कशावर? तुमच्या भाषणावर व्हय?"

सगळे हसले. मीही. पण...

तात्यांच्यामागे वाजवणारं कुणी नाही. ठेवला तर कुजेल, दिला तर मुका होईल. मग मी कडाडले ते कशासाठी? "तुमीच ठरवा," म्हणून ढोल माझ्या ओसरीवर ठेवून गेलेत.

संग्रहालयाची गाडी उद्या सकाळी येणार. मघाशी ड्रायव्हरला फोन केला, ऊन चढल्यावर ये. का, त्याने विचारलं. फोन ठेवला आणि ढोल ओसरीच्या कडेला सरकवला, सकाळचं ऊन आधी तिथंच येतं.