पावबंदीत बेतलेले कोट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, पूर्वीपेक्षा बराच खाली वाकून, नमस्कार. (वाकता येतं हे मुद्दाम कळवतोय. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा जमिनीवर पडलेली सुई मी दोरीला चुंबक बांधून उचलत होतो आणि तू पोट धरून हसली होतीस.) तुझी मान आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी तो अजून सांभाळून ठेवलाय? आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय बरी आहे आणि माझ्याशी बोलते आहे. यातली दुसरी बातमी ताजी आहे.

तू फोनवर विचारलंस, की ते लो-कार्ब का काय म्हणतात ते मी करू का, वजन खरंच उतरतं का. हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही म्हणून पत्र लिहायला बसलो. आपल्या घराण्यात या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही. मी ते स्वतः केलंय, गावच्या अख्ख्या बँडला करायला लावलंय आणि त्यापायी दुकान जवळजवळ घालवलंही होतं. 'जवळजवळ' हा शब्द पुन्हा एकदा वाच आणि भावोजींना उठवू नकोस.

सुरुवात माझ्या पोटापासून झाली. शिंप्याचं पोट एका मर्यादेपर्यंत चालतं, गिऱ्हाइकाला वाटतं धंदा बरा दिसतोय. पण माझं पोट माझ्या आणि मशीनच्या मध्ये येऊन बसायला लागलं, आणि त्याला बसायला जागा द्यायची तर सुई लांब पडे आणि बाहीची शिवण मला बघून घालण्याऐवजी अंदाजाने घालावी लागे. एका गिऱ्हाइकाने विचारलंही, की उजवी बाही डावीकडे का बघतेय. तेव्हा मी ठरवलं आणि पाव, भात, बटाटा, साखर, बिस्किट यांना एका दिवसात घराबाहेर काढलं. अंडी, मासे, चीज, पालेभाज्या आणि मूठभर बदाम एवढ्यावर संसार सुरू केला. पहिला आठवडा मी फार वाईट माणूस होतो. डोकं ठणकायचं, पाय ओढायचे, आणि कुणी आतला खिसा लावा म्हणालं की मी विचारायचो, त्यात ठेवण्यासारखं तुमच्याकडे आहे काय? तोंडाला तो नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा वास यायला लागला, तेव्हा तुझ्या भावजयीने काजं करायला बसायची खुर्ची खिडकीशी हलवली. (पोट साफ होण्याच्या बाबतीत जे झालं ते बहिणीला लिहिण्यासारखं नाही. भावोजींना स्वतंत्र कळवीन.)

पण ताई, नंतर गंमत झाली. भूकच गेली. म्हणजे जेवणाची भूक होती, पण ती जी मधल्या वेळची, उगाच डबे उघडायला लावणारी भूक असते ना, ती गेली. सकाळी अंडी आणि भाजी खाल्ली की दुपारपर्यंत खाण्याची आठवण येत नसे, आणि शेजारच्या बेकरीत ताज्या पावाचे ट्रे निघत असताना मी शांतपणे कॉलर उलटत बसे. पट्ट्याला आतल्या बाजूने नवी भोकं पडली. पोट मशीनवरून उठून आपल्या जागी गेलं. इथवर जे घडलं ते शंभर टक्के खरं आहे, आणि तुला कुणी 'लो-कार्बने काही होत नाही' असं सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव. होतं. मी त्या काळात इतका खात्रीचा माणूस झालो होतो, की कापडावर खडूची रेघ मारण्याआधी दोनदा मोजायची माझी सवयसुद्धा सुटली.

अशा वेळी बँडमास्तर दुकानात आला. चौकातलं घड्याळ, जे आपल्या लहानपणापासून दुपारी सव्वाचारला झोपलं होतं, ते दुरुस्त होऊन पुन्हा सुरू व्हायचं होतं आणि त्या समारंभात बँड नव्या निळ्या कोटांत वाजवणार होता. हे कोट म्हणजे नुसते कोट नव्हेत हे तुला माहीत आहे. बँडच्या अंगावर जे दिसतं तेच पुढे शाळेच्या गणवेशाला, हॉटेलच्या वेटरांना आणि निम्म्या नवरदेवांना हवं असतं. समोरचा रेडिमेडवाला गेली कित्येक वर्षं त्या कामावर डोळा ठेवून आहे. त्याने बँडमास्तरला सांगून ठेवलं होतं, की लहान, मध्यम, मोठे असे तयार कोट खोक्यातून आणून देतो, माप घ्यायची कटकट नाही. बँडमास्तरने मला सरळ सांगितलं, "या खेपेला तू. पण लोक हसले, तर पुढचे कोट खोक्यातून." हे काम गेलं असतं तर मशीन विकून मला त्याच रेडिमेडवाल्याकडे पायजम्यांना नाड्या ओवत बसावं लागलं असतं, आणि त्याने ते काम मला आनंदाने दिलं असतं.

बोलता बोलता बँडमास्तरची नजर माझ्या ढगळ पॅंटकडे गेली. त्याने विचारलं, मी सांगितलं. (जरा सविस्तर सांगितलं. तुझी भावजय म्हणते, तेवढ्या वेळात दोन जाकिटं झाली असती.) या माणसाचा स्वभाव असा, की त्याला एखादी गोष्ट पटली की तो ती करत नाही, हुकूम काढतो. दुसऱ्या दिवसापासून तालमीतले बन बंद. सगळ्या बँडला उकडलेली अंडी आणि काकडी. ट्रम्पेटवाले कुरकुरले, ड्रमवाल्याने पहिल्याच आठवड्यात रागाच्या भरात ड्रमचं कातडं फाडलं, आणि फुंकणाऱ्यांच्या रांगेत त्या बाटलीच्या वासाचं प्रमाण इतकं वाढलं, की बँडमास्तर खिडक्या उघडून तालीम घ्यायला लागला. पण वजनं उतरली. भराभर उतरली. एकटे डॉक्टर तेवढे वाटेवर आले नाहीत. हे आपले खालच्या गल्लीतले डॉक्टर, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी नेहमीचा भात निम्मा केला, चहातली साखर सोडली आणि तालमीला स्कूटरऐवजी चालत यायला लागले. बँडमास्तर त्यांना तोंडावर 'कच्चा लिंबू' म्हणायचा. डॉक्टरांनी तोंड उघडलं ते एकदाच, की साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मला विचारल्याशिवाय पाव सोडायचा नाही, साखर एकदम खाली गेली तर वाजवता वाजवता पडाल. ते मात्र सगळ्यांनी ऐकलं, कारण पडायची हौस कुणालाच नव्हती.

मग मी मापं घेतली, आणि आता मी सांगतो ते नीट समजून घे, कारण सगळा घोटाळा इथे आहे. कोट बेतताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड राखून ठेवतात. आम्ही त्याला माया म्हणतो. माणूस सुटला तर ती शिवण उसवायची आणि आतलं कापड बाहेर काढायचं, एवढाच तिचा उपयोग. बाबांनी आयुष्यात बिनमायेचं धोतरसुद्धा शिवलं नसतं. पण बँडमास्तरला कोट अंगावर कांद्याच्या सालीसारखे बसायला हवे होते, आणि आत माया ठेवली की शिवण फुगते. मी त्याला विचारलं, "पुन्हा सुटायचे नाहीत ना तुमचे लोक?" तो म्हणाला, "माझ्या बँडमध्ये मागे फिरणं नसतं." मला ते पटलं, कारण मी स्वतःही मागे फिरणाऱ्यांतला नव्हतो. डॉक्टरांचं माप घेताना ते म्हणाले, "पहिल्या काही आठवड्यांत जातं त्यात पाणीच बरंच असतं. थोडं थांबून मापं घेतलीत तर बरं." मी म्हटलं, "डॉक्टर, पाणी गेलं काय आणि दूध गेलं काय, फीत आकडा तोच दाखवते." ते हसले आणि हात खाली केले. मी माया सगळ्या कोटांची कापली. फक्त डॉक्टरांच्या कोटाला ठेवली, कारण त्यांचा मला भरवसा नव्हता. उरलेल्या निळ्या कापडाच्या टोप्या केल्या.

इकडे कोट शिवून होत होते आणि तिकडे तालमीत भोंग्याचा आवाज घोगरा यायला लागला. भोंगा म्हणजे तो सगळ्यात मोठं पितळी वाद्य खांद्यावर घेऊन बसणारा जाडा माणूस, त्याला सगळे वाद्याच्याच नावाने हाक मारतात. बँडमास्तरने तीनदा गाणं थांबवलं. शेवटी त्या पितळी तोंडात हात घातला तर आतून बन निघाला. लोणी लावलेला. भोंगा शांतपणे म्हणाला, "मास्तर, लांब सूर असला की श्वास संपतो. मध्ये आधार लागतो." मग काय, कुणाच्या टोपीतून बिस्किटं निघाली, ड्रमच्या पेटीत केक सापडला, आणि बँडमास्तरच्या स्वतःच्या खिशाकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती, पण साखर त्याच्या मिशीला होती. त्याने तिथल्या तिथे पावबंदी उठवली. इतके दिवस दाबून ठेवलेली माणसं ती. त्यांनी मागची थकबाकी वसूल केल्यासारखं खाल्लं. गेलेलं पाणी परत आलं आणि येताना पाहुणेही घेऊन आलं.

हे मला कुणी सांगितलं नाही. समारंभाच्या आदल्या दुपारी सगळे कोट घालून बघायला आले तेव्हा मला ते दिसलं. ट्रम्पेटवाल्यांना बटण लागत होतं, पण लागल्यावर फुंकता येत नव्हतं. ड्रमवाल्याला कोट बसला, पण हात छातीच्या वर जाईनात. भोंग्याबद्दल मी लिहीत नाही. तुझी भावजय सगळ्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "टोप्या मात्र छान बसल्यात." समोर रेडिमेडवाला आपल्या दारात उभा राहून पॉपकॉर्न खात होता. तिथूनच ओरडला, "मोठ्या मापाची खोकी आहेत हो आपल्याकडे." बँडमास्तर माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत. नाहीतर त्याची खोकी." मी म्हटलं, "मास्तर, अजून काम पुरं कुठे झालंय? आज नुसता कच्चा कोट अंगावर घालून बघायला बोलावलं होतं." आवाज माझा अजिबात कापला नाही. डॉक्टरांनी तेवढ्यात आपला कोट घातला, बटणं लावली, हात वर करून बघितले, माझे आभार मानले आणि गेले. असा माणूस शत्रू असता तर परवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं दोन मशीनवर बसलो. प्रत्येक कोटाची दोन्ही बगलांपासून खालच्या घेरापर्यंत शिवण उसवली आणि मध्ये चार बोटं रुंदीची पट्टी घातली. त्या शेडचं निळं कापड बाजारात उरलं नव्हतं, म्हणून गर्द लाल घातली, जरा चकाकी असलेली. बँडमास्तर आला, आरशासमोर उभा राहिला, गाणं सुरू करताना करतो तसे दोन्ही हात उचलले आणि कोट त्याच्याबरोबर वर गेला, खाली आला, कुठे हूं की चूं नाही. त्याने एकदा ही बाजू बघितली, एकदा ती. मग म्हणाला, "असं करायचं होतं तर काल सांगायचं ना." मी म्हटलं, "आधी सांगितलं तर मजा जाते."

समारंभ झकास झाला. घड्याळ सुरू झालं, ते दहा मिनिटं पुढे आहे, पण आहे. हात वर गेले की लाल पट्ट्या अशा चमकायच्या, की लोक गाण्यापेक्षा बगलांकडे जास्त बघत होते. हसलं कुणीच नाही. रेडिमेडवाला जवळ येऊन हळूच विचारत होता, की असा माल कुठल्या कंपनीचा येतो. एकटे डॉक्टर बिनपट्टीचे, त्यामुळे दुसऱ्या गावाहून भाड्याने आणल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, "मलाही लावा." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला गरज नाही." ते म्हणाले, "लावा हो. घरी बोलणी खातोय." म्हणून एकुलता एक मापात बसलेला कोट मी या हातांनी उसवला. पुढच्या सगळ्या कोटांचं काम पट्टीसकट माझ्याकडे आलंय. शाळाही विचारून गेली.

तेव्हा माझं मत विचारशील तर असं. लो-कार्बने वजन उतरतं, लवकर उतरतं, आणि भूक ताब्यात येते, हे मोठंच. पण पहिल्या झटक्यात उतरलेलं सगळं आपलं समजायचं नाही. डोकं दुखतं, पोट रुसतं, घरची माणसं खुर्ची हलवतात, आणि कायमचं निभावलं नाही तर सगळं परत येतं. तुला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, म्हणून आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. साखर, बिस्किटं आणि मैदा सोड, भात निम्मा कर, चालायला जा, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी केलं तसं. (हे त्यांना कळता कामा नये.) आणि पहिले तीन-चार महिने नवे कपडे शिवायला टाकू नकोस. अगदी टाकलेस, तर शिंपी काय खातोय ते बघून टाक. मी स्वतः अजून बऱ्यापैकी काटेकोर आहे.

भावोजींना नमस्कार. मानेला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : गेल्या वेळी तू दिवाणखान्याच्या पडद्यांचं कापड माझ्याकडे शिवायला टाकून गेली होतीस, ते गर्द लाल, चकाकीचं. ते शिवून झालंय. पण पडदे म्हणून नाही. दर रविवारी चौकात बघायला मिळतं, अगदी पुढच्या रांगेतून.

ता. क. दुसरा : पुढच्या कोटांना हीच शेड हवी, आणि तुझ्या कापडातली शेवटची पट्टी डॉक्टरांना गेली. त्यातलंच थोडं कापड तू उशांच्या खोळींसाठी स्वतःकडे ठेवलं होतंस ना? ते लगेच पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ताई, हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. शेवटची पट्टी डॉक्टरांना गेली नाही. डॉक्टरांच्या नंतरही एक उरली होती. ती ह्यांच्या पॅंटला लावलीय, मागच्या बाजूला, कमरेपासून खालपर्यंत. मीच लावली, पॅंट अंगावरच होती आणि ह्यांचा हात तिथे पोचत नव्हता. तुमच्या पडद्यांचं मी बघते. खोळींचं कापड मात्र पाठवू नका, कुलपात ठेवा.