दोनशे बारा फॉर्म आणि गावची थंड पेटी

लिहून ठेवणार : कुसुमबाई दत्तराव वाव्हळे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पिंगळी, तालुका व जिल्हा परभणी.

कारणे लिहून ठेवते की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गेली दोन वर्षं गावाला याबद्दल शंका होती, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान शाबूत आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, आणि माझ्यावर दबाव टाकील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आजच लिहिण्याचं कारण एवढंच, की दिवाळी झाली की कोयते, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतील आणि मग सहीला माणूस मिळणार नाही.

१. माझ्या नावावरच्या दोन खोल्या व मागचं परसू मुलगा सिद्धोधन यास द्यावं. माझे दीर माणिकराव यांचा मधल्या भिंतीवर काडीचाही हक्क नाही. भिंत मी माझ्या पगारातून बांधली. त्यांनी फक्त ती वाकडी आहे असं सांगितलं. भिंत वाकडी आहे, हे मला मान्य आहे.

२. जनगणनेची खाकी पिशवी, लिहायचं पॅड आणि दारावर आकडे टाकायचा गेरूचा डबा नात साक्षी हिला. या वस्तू तिनेच कमावल्या आहेत. ते कसं, हे सांगणं भाग आहे.

साक्षी पुण्यात समाजशास्त्र शिकत होती. परदेशात काही लोक मेल्यावर आपला देह अतिथंड टाकीत ठेवून घेतात. पुढेमागे विज्ञान आपल्याला उठवील, अशी त्यांना आशा असते. असं कोणाला वाटतं, ते लोक कुठले, काय शिकलेले, देव मानणारे की न मानणारे, हा तिचा अभ्यास. तिने मोबाइलवर फॉर्म फिरवला. अडतीस उत्तरं आली, बहुतेक सगळी इंजिनिअर पोरांची. मी म्हटलं, आमच्याकडे ये. तर तिचे सर म्हणाले, "ग्रामीण भागात या विषयावर मतच नसतं."

मी तीन जनगणना केल्या आहेत. मत नसलेलं एकही घर मला सापडलेलं नाही.

मग मी पिशवी काढली. पिंगळीपासून मानवत, तिथून देवगाव फाट्यापर्यंत आम्ही आजी-नात फिरलो. माणिकरावांनी माझं नाव 'बर्फवाल्या बाई' ठेवलं आणि पोरं मागून कुल्फी मागू लागली. विषय समजावायला वेळ लागेल, असं साक्षीला वाटलं होतं. मी विचारलं, "म्हैस भरवायला डॉक्टर त्या धूर निघणाऱ्या टाकीतून कांडी काढतो, पाहिलंय का?" सगळ्यांनी पाहिलेलं. तोच गारवा, फक्त माणसाला. झालं! पुण्यात जे समजायला चार पानं लागली, ते इथं गोठ्यात उभ्या उभ्या कळलं.

उत्तरं तर अशी आली की बास. एक म्हातारे म्हणाले, "लई वर्सांनी उठून करू काय? वळखणार कोन मला?" बुद्धविहारातले एक उपासक म्हणाले, अनित्यता बर्फाने थांबत नसते. स्पर्धा परीक्षेच्या एका पोराने लिहून दिलं, निकाल लागेपर्यंत ठेवा.

पण 'हो' म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले. मी हरखले. मग गावातल्या शेतमजूर दगडाबाईने मला जमिनीवर आणलं.

ती म्हणाली, "बाई, हो तर लिवा. पर किती दिस ठिवता? माझे लेकरं कर्नाटकात हायत, कारखान्यावर. यायला चार दिस तरी लागतेत."

आमची चूक तिथं उमगली. इथं मेलेल्या माणसाला बर्फ लावतात तो ऊसतोडीला गेलेली मुलं पोचेपर्यंत. बर्फ म्हटलं की आमच्या बहुतेक लोकांच्या मनात दोनशे वर्षं येतच नाहीत, चार दिवस येतात. असा गैरसमज पुण्याच्या कुठल्याही इंजिनिअरचा झाला नसता. साक्षी रडकुंडीला आली, फॉर्म वाया गेले म्हणून. आम्ही सगळी घरं पुन्हा फिरलो आणि दुसऱ्यांदा दोनशे वर्षं अशी स्पष्ट सांगून विचारलं. तरीही एकोणपन्नास जण 'हो'वर ठाम राहिले. त्यांचं शिक्षण, धर्म, जात, जमीन, काही म्हणता काही जुळेना. जुळली ती एकच गोष्ट. त्यातल्या चव्वेचाळीस जणांना आपल्या कोणाचं तरी शेवटचं तोंड पाहायला मिळालेलं नव्हतं.

मला हे आधीच कळायला हवं होतं. माझी आई बायनाबाई त्र्याहत्तर साली उसाच्या फडात गेली. मी इथं डी.एड.चा पेपर लिहीत होते. निरोप तिसऱ्या दिवशी आला, तोवर तिला तिथंच अग्नी दिला होता. तेव्हा कोणी मला विचारलं असतं, तर मी शंभर वेळा हो म्हटलं असतं.

साक्षीचे सर स्वतः एसटीने मानवतला आले, तिथून माझ्या घरी. खाली बसून चहा प्याले आणि म्हणाले, "बाई, माझं चुकलं." त्यांच्या छापील फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढला आहे : तुम्ही कोणाची वाट पाहता? तो प्रश्न पिंगळीचा आहे. साक्षी प्रथम श्रेणीत पास झाली.

३. दोनशे बारा फॉर्म रद्दीत घालू नयेत. लोकांची नावं कोणालाही सांगू नयेत. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा फॉर्म वाचून मला रडू आलं. तो भरणारे गृहस्थ माझी चेष्टा करण्यात सर्वांच्या पुढे होते. नाव मी सांगणार नाही. त्यांच्या मुलाने मात्र दुबईहून एकदा येऊन जावं.

४. आता मुख्य गोष्ट. निवृत्तीच्या पैशातून मी गावाला विजेवर चालणारी थंड पेटी घेऊन दिली, सोबत इन्व्हर्टर. ती विहारात ठेवली आहे. गेल्या जानेवारीत दगडाबाईचे यजमान वैजीनाथ वारले. पेटीत चार दिवस राहिले. विहाराच्या ज्या दारात सवर्णांच्या वरच्या आळीने कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं चार दिवस चपला ठेवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी दोन्ही लेक पोचले आणि बापाचं तोंड पाहून मोठ्याने रडले. असं रडणं मला कधी मिळालं नाही. त्या दिवशी मला आयुष्यात जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

माणिकराव म्हणतात, माझ्यामागे पेटी भाड्याने द्यावी, निदान आपल्या वस्तीपुरती ठेवावी. म्हणून स्पष्ट लिहिते : पेटी फुकट राहील. जात, आळी, धर्म कोणी विचारणार नाही. विचारायचं ते एवढंच, की यायचं कोण राहिलं आहे. माझी जी काही ठेव उरेल ती पेटीच्या विजेला व दुरुस्तीला लावावी. व्यवस्था साक्षीने पाहावी. कोणी अडवलं तर तिने दारावर गेरूने माझं नाव लिहावं. माझ्या नावाला अजून गाव वचकतं.

५. फॉर्म क्रमांक एक माझा स्वतःचा. उत्तराची जागा मी कोरी ठेवली होती, ती आज भरते. देह ठेवावा का? नको. वाट कोणाची? कोणाचीच राहिली नाही. माझा फॉर्म कोरा पाहिल्यापासून सिद्धोधन दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरी येतो, जेवतो, भिंत वाकडी आहे म्हणतो. ज्यांनी यायचं ते माझ्या जिवंतपणीच येऊन गेले आहेत.

म्हणून मला त्याच दिवशी न्यावं. पेटी मोकळी ठेवावी. हंगामात ती कोणाला कधी लागेल, सांगता येत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व साक्षीदारांना वाचून दाखवला. साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही : कुसुमबाई दत्तराव वाव्हळे

साक्षीदार :
१. रामहरी, निवृत्त पोस्टमन, पिंगळी (सही)
२. दगडाबाई वैजीनाथ, शेतमजूर, पिंगळी (स्वहस्ते सही. अंगठा नाही. अक्षरं मी शिकवली, नऊ महिन्यांत.)

ठिकाण : पिंगळी. दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५